काटवनातील तिरंदाजी

सॅन अँटोनियो शहर मागे टाकून लारेडोच्या रस्त्याने दक्षिणेस निघाले, की तासाभरात उंच वृक्ष विरळ होत जातात आणि थेट रिओ ग्रांद नदीच्या काठापर्यंत पसरलेले ते काटवन सुरू होते, ज्यात पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार ही तेथील रहिवाशांची पिढीजात वहिवाट होऊन बसली आहे. ह्यूस्टन, ऑस्टिन, सॅन अँटोनियो या शहरांत नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी काहींना कचेरीतील एखाद्या सहकाऱ्याकडून केव्हा ना केव्हा या रानाचे आमंत्रण येते, आणि ज्यांच्या हाती आयुष्यात गलोलीपलीकडचे शस्त्र आले नाही अशांसही धनुष्य घेऊन एक दिवस तेथे घालवावा असा मोह होतो. त्यांच्यासाठी काही व्यवहाराच्या गोष्टी येथे सांगावयाच्या आहेत. बंदुकीने दोनशे मीटरांवरचे जनावर पडते. बाणाचा भरवसा नवशिक्याने वीस मीटरांपलीकडे धरू नये, आणि मधले सारे अंतर वारा, आडोसा व धीर यांच्या बळावर मिटवावे. दिवसाची निम्मी मेहनत त्यात खर्ची पडते व उरलेली निम्मी बाण सुटल्यानंतर सुरू होते. प्रत्यंचा सोडण्याचे काम तेवढे क्षणाचे.

हे रान सांगोला-माणकडच्या माणसास अगदीच परके वाटणार नाही. वर्षाकाठी सरासरी ५० ते ७५ सेंटिमीटर पाऊस, तोही लहरी. तांबूस वाळूमिश्रित माती. आणि तिच्यावर पुरुषभर, फार तर दोन पुरुष उंचीची काटेरी झाडोरी. त्यांपैकी मेस्कीट ही आपल्याकडे माळ व्यापून बसलेल्या वेड्या बाभळीची सख्खी चुलत बहीण. ‘विसाची’ म्हणजे आपली देवबाभूळच. आणि फड्या निवडुंगाची तर तेथे बेटेच्या बेटे आहेत. ग्वाहियो नावाच्या बारीक पानांच्या बाभळीचा पाला व निवडुंगाची फळे हरणाच्या नित्याच्या आहारात असतात, हे ध्यानात ठेवले म्हणजे त्याचा ठावठिकाणा शोधणे निम्मे सोपे होते. गुरांच्या व माणसांच्या ये-जा करण्यासाठी या गचपणातून यंत्राने सरळ पट्टे साफ केलेले असतात, त्यांस ‘सेंदेरो’ म्हणतात. बंदूकवाला त्या पट्ट्यांच्या टोकाशी उंच खोपीत बसतो, धनुर्धराचे स्थान मात्र गचपणाच्या आत असते, जेथे जनावर स्वतःस सुरक्षित मानून हळू चालते.

कायद्याची बाजू प्रथम उरकून घेऊ. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने शिकारीस मनाई आहे, आणि या लेखातील एकही सूचना महाराष्ट्रातील रानास लागू नाही, हे निराळे सांगण्याची गरज पडू नये. टेक्ससमध्ये शिकारीचा परवाना दर वर्षी १ सप्टेंबरपासून पुढील ३१ ऑगस्टपर्यंतच्या मुदतीचा असतो; धनुष्याच्या खास हंगामात हरीण मारावयाचे तर त्यावर तिरंदाजीचा वेगळा शेरा विकत घ्यावा लागतो; आणि ज्याचा जन्म २ सप्टेंबर १९७१ रोजी वा त्यानंतर झाला आहे, त्यास राज्याच्या शिकारी-शिक्षणाचा दाखला सक्तीचा आहे. हा अभ्यासक्रम केवळ उपचार समजून उरकू नये, कारण शस्त्र कोठे रोखावे यापेक्षा कोठे रोखू नये हे त्यात चांगले शिकवतात. धनुष्याचा हंगाम सप्टेंबरअखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आरंभी उघडून सुमारे पाच आठवडे चालतो. पुढे सामान्य हंगाम सुरू झाल्यावरही धनुष्य वापरण्यास मुभा असते, परंतु तेव्हा रानात बंदुका असतात आणि जनावरे बिथरलेली असतात. किती हरणे, किती नर, कोणत्या काउंटीत, याचे नियम राज्याचे वन्यजीव खाते प्रतिवर्षी छापते. ते त्या वर्षाचेच वाचावेत, मित्राच्या तोंडी माहितीवर विसंबून राहू नये.

जमिनीचा प्रश्न याहून नाजूक आहे. त्या राज्यातील जमीन ९० टक्क्यांहून अधिक खाजगी मालकीची असल्याने मालकाच्या परवानगीवाचून कुंपणापलीकडे पाऊल टाकणे हा गुन्हा ठरतो. झाडांवर वा खांबांवर जांभळ्या रंगाचे उभे पट्टे दिसले, तर तो ‘आत येऊ नये’ या फलकाइतकाच कायदेशीर इशारा आहे. ज्यास यजमान मिळत नाही त्याने सरकारी सोडतीत अर्ज करावा. कोटुला गावाजवळील शापराल वन्यजीव क्षेत्रात अशा सोडतीने शिकारी बोलावतात, आणि समुद्रकाठच्या लगुना अतास्कोसा अभयारण्यातही धनुष्यासाठी परवाने दिले जातात. दुसऱ्याच्या जमिनीवर वावरताना एक शिरस्ता प्राणापलीकडे पाळावा: फाटक उघडे सापडले तर उघडे ठेवावे, बंद सापडले तर बंद करावे. त्यात गुरांचा मोठा हिशेब गुंतलेला असतो.

जनावरांविषयी थोडे. पांढऱ्या शेपटीचे हरीण हे मुख्य. त्याच्याखेरीज हावेलीना नावाचा डुकरासारखा दिसणारा परंतु वेगळ्या कुळाचा प्राणी, मोकाट रानडुकरे, आणि समुद्राच्या बाजूस चक्क आपली नीलगाय. किंग रँच या जुन्या जहागिरीवजा कुरणात १९३० च्या आसपास ती सोडली गेली आणि तेथे तिने असे काही मूळ धरले, की आज ती हजारोंच्या संख्येने वावरते. चितळ व काळवीट हेही त्याच दशकात त्या राज्यात आणले गेले. हे सारे प्राणी तेथे परदेशी म्हणून गणले जातात व त्यांना बंद हंगाम नाही, परवाना मात्र लागतो. नीलगाईच्या अंगावरून गुरांच्या तापाची गोचीड पसरते म्हणून सरहद्दीकडील काही भागांत तिचे कातडे तपासणीवाचून बाहेर नेऊ देत नाहीत. तिच्यावर बाण चालवणे ज्याच्या मनास रुचत नसेल, त्याने यजमानास आधीच तसे सांगावे. कोणी रागावत नाही. नवशिक्याने तर तिच्या वाटेस जाऊच नये, कारण मोठा नर अडीचशे किलोंच्या घरात भरतो, त्याची नजर दूरची आणि कातडे जाड, आणि हलका बाण त्यास केवळ दुखापत करतो.

धनुष्य कोणते घ्यावे, यावर तिकडील दुकानदार तास तास बोलतात. चाकांचे ‘कंपाउंड’ धनुष्य, ज्याचे पेटंट हॉलेस विल्बर अ‍ॅलन यांस १९६९ साली मिळाले, ते नवशिक्यास बरे, कारण पूर्ण ताणल्यावर त्याचा भार चाके उचलतात: साठ पौंडांचे धनुष्य, म्हणजे सुमारे २७ किलोंचा ओढा, शेवटी हातास पाच-सहा किलोंएवढाच जाणवतो आणि हरीण झुडपाआड घुटमळत असता मिनिटभर ताणून धरता येते. साध्या कमानीचे धनुष्य सुंदर खरे, तथापि ते वर्षानुवर्षांच्या रियाजाशिवाय जनावरावर उगारणे हा त्या जनावरावर अन्याय होय. ओढ्याचा हव्यास धरू नये. खुर्चीवर बसून, पाय जमिनीवरून न उचलता, हात आकाशाकडे न नेता जेवढे धनुष्य सरळ मागे ओढता येते तेवढेच आपले. बाण हरणासाठी एकंदर २६ ते ३० ग्रॅमांचा, पुढे वस्तऱ्यासारख्या धारेचा रुंद पात्यांचा फाळ. हा फाळ भात्यात झाकूनच न्यावा, कारण या शिकारीतील बऱ्याचशा जखमा शिकाऱ्याच्या स्वतःच्या बोटांस व मांडीस होतात. सराव करताना ज्या कपड्यांत, ज्या स्टुलावर, ज्या लहान खिडकीतून रानात बाण सोडावयाचा त्याच सरंजामात करावा. अंगणात उभे राहून मारलेले नेम काटवनात फारसे उपयोगी पडत नाहीत.

आता प्रत्यक्ष दिवस. ऑक्टोबरच्या मध्यास तेथे सूर्योदय साडेसातच्या सुमारास होतो आणि कायद्याने शिकारीची वेळ त्याआधी अर्धा तास सुरू होते. सबब सहाच्या आत आपण आपल्या जागी बसलेले असावे. जागा आदल्या दिवशीची किंवा आदल्या आठवड्याची निवडलेली असावी, आणि ती निवडताना सर्वांत मोठा मानकरी वारा. हरणाची दृष्टी चुकवता येते, कानास धोका देता येतो, नाकास नाही. या प्रदेशात बहुतेक दिवस आखाताकडून, म्हणजे आग्नेयेकडून वारा वाहतो. हरणे जेथून येतील असा कयास आहे त्या पाऊलवाटेच्या वायव्येस बसावे, म्हणजे आपला वास आपल्या पाठीमागे निघून जातो. यात अडचण अशी, की सकाळी तोंडावर ऊन येते. त्यासाठी आडोशाची पाठ व बाजू पूर्ण बंद ठेवून आत काळा सदरा घालून बसावे आणि खिडकी एकच, तीही अरुंद उघडावी; पाठीमागची एक खिडकी उघडी राहिली, तर प्रकाशात आपली आकृती हरणास आरशासारखी दिसते. शरद ऋतूत मधूनच उत्तरेकडून थंड वाऱ्याची झोड येते, तिला ‘नॉर्दर’ म्हणतात. ती आली की काही मिनिटांत वारा पूर्ण फिरतो. तेव्हा दक्षिणेच्या बाजूस दुसरी बैठक आधीच तयार असावी. खिशात सुवास नसलेल्या पावडरीची लहान बाटली ठेवून दर थोड्या वेळाने चिमूटभर उडवून पाहावी, आणि वारा वाईट असेल तर तेथे बसण्याचा हट्ट सोडून सरळ उठून जावे. वाईट वाऱ्यात तीन तास बसणारा मनुष्य स्वतःची एक सकाळ तर घालवतोच, शिवाय ती जागा पुढे कित्येक दिवसांसाठी नासवतो.

येथील झाडे ठेंगणी असल्याने उंच मचाण बांधण्यास जागा नसते. तिवईवरची खुर्ची किंवा जमिनीवरचा आडोसा, हे दोनच उपाय. घडीचा कापडी तंबू लावणार असाल तर तो पंधरवडाभर आधी लावून मेस्कीटच्या फांद्यांनी मढवावा. मला स्वतःला ग्वाहियोच्या दाट जाळीत कोयत्याने कोरलेली बैठक अधिक पसंत आहे. काटे राहू द्यावेत, मात्र कोपर मागे जाईल एवढी व धनुष्याची वरची कांब उभी फिरेल एवढी मोकळीक करावी. बसल्याबरोबर, अंधार असतानाच, फाळ नसलेला बाण दोरीस लावून एकदा पूर्ण ताणून, मग तितक्याच सावकाश परत आणावा. कांबेचे टोक एखाद्या डहाळीस घासत असेल तर तेव्हाच कळते. ऐन वेळी कळले तर बाण भलतीकडे जातो. बाण जेथे टेकतो त्या जागेस लोकरीचा वा फेल्टचा तुकडा चिकटवावा, म्हणजे धातूचा खरखर आवाज होत नाही.

मक्याच्या यंत्राविषयी मतभेद आहे. टेक्ससमध्ये खाजगी जमिनीवर आमिष घालण्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि जागोजागी तिवईवर पिंप ठेवून त्यातून ठराविक वेळी, बहुधा पहाटे व सायंकाळी, मका उधळणारी यंत्रे लावलेली असतात. ही शिकार की गोठ्यातले चारणे, असा प्रश्न आपल्या मराठी मनात उठल्यावाचून राहत नाही. तथापि पहिल्या खेपेस मी नवशिक्यास यंत्राजवळच बसण्याचा सल्ला देईन: तेथे अंतर आधी मोजलेले असते, जनावर खाली मान घालून उभे राहते, आणि चुकीच्या जागी बाण लागण्याचा संभव त्यामुळे कमी होतो. पुढे हात बसला, की यंत्रापासून पन्नास-साठ मीटर दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास, गचपणातून येणाऱ्या पाऊलवाटेवर बसावे. कारण वयाने मुरलेला नर मक्यावर सहसा उजेडात येत नाही, तो तेथेच झाडीत उभा राहून आधी वास घेतो.

सूर्य वर आल्यानंतरचे पहिले दोन तास सोन्याचे. आधी लावे बोलतात, मग माद्या व पाडसे येतात, त्यांच्या मागून तरणे नर. प्रत्येक मादी आपल्याकडे टक लावून पाहील, मान खाली घालण्याचा बहाणा करील आणि लगेच पुन्हा वर उचलील. या बहाण्यास फसून हालचाल करू नये. धनुष्य ताणावयाचे ते तिचे डोके झुडपाआड गेल्यावर किंवा ती पूर्ण पलीकडे वळल्यावर, आणि तेही अशा बेताने, की तुमच्या शेजाऱ्यासही कळू नये.

दहानंतर ऊन तापते. ऑक्टोबरातही पारा पस्तिशीपर्यंत चढणे नवलाचे नाही. हरणे सावलीस बसतात आणि शिकारी मंडळी छावणीवर परततात. चालण्याची हौस असणाऱ्यास मात्र हीच वेळ हावेलीनांची. हा प्राणी पंधरा ते पंचवीस किलोंचा, कळपाने राहणारा, नाकाचा तिखट परंतु डोळ्यांचा अत्यंत अधू. वारा तोंडावर घेऊन, एका वेळी एक पाऊल टाकीत, त्याच्यापासून पंधरा मीटरांपर्यंत उघड्यावर जाता येते. निवडुंगाची फड चावल्याचा रसदार करकर आवाज पुष्कळ दुरून ऐकू येतो, तो कानाने पकडावा. कळप उधळला तर जागीच स्तब्ध उभे राहावे. ती आंधळेपणाने कोणत्याही दिशेस धावतात, आपल्या अंगावरूनही, आणि दात वाजवितात म्हणून ती हल्ला करीत आहेत असे समजून पळू नये. परवान्यावर वर्षाकाठी दोनच हावेलीना मारता येतात. मोकाट रानडुकरांस अशी मर्यादा नाही, आणि २०१९ पासून खाजगी जमिनीवर मालकाच्या संमतीने त्यांच्यासाठी परवानाही लागत नाही. नांगरल्यासारखी उकरलेली जमीन पाहिली म्हणजे जमीनमालक त्यांच्यावर इतका का चिडलेला असतो ते उमगते. या भटकंतीत पायांत सर्पापासून बचाव करणारी जाड पट्टी व अंगात कॅनव्हासची विजार असावी. डायमंडबॅक जातीचा खुळखुळ्या सर्प निवडुंगाच्या सावलीस पडून असतो, आणि तो प्रत्येक वेळी खुळखुळा वाजवून वर्दी देतोच असे नाही. निवडुंगाचे केसाएवढे बारीक काटे काढण्यास चिमटा व कंगवा जवळ बाळगावेत. बोटाने काढू गेल्यास ते बोटात शिरतात.

बाण कधी सोडावा? जनावर पूर्ण आडवे उभे असेल तेव्हा, किंवा आपल्यापासून किंचित पलीकडे तोंड करून असेल तेव्हा. समोरून, पाठीमागून, चालत्या किंवा सावध झालेल्या जनावरावर कदापि नाही. आडव्या हरणाचा पुढचा पाय एक पाऊल पुढे सरकू द्यावा, म्हणजे खांद्याचे हाड फुप्फुसांवरून दूर होते. नेम पायाच्या मागील रेषेत, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शात. खालच्या हिश्शात का, याचे कारण असे: चांगल्या धनुष्याचा बाण सेकंदास सुमारे ८५ मीटर जातो, परंतु प्रत्यंचेचा आवाज ३४० मीटर, वीस मीटरांवरील हरणास बाण पोहोचण्याच्या सुमारे एकषष्ठांश सेकंद आधी आवाज पोहोचतो, आणि पळण्यासाठी उसळी घेण्यापूर्वी ते प्रथम पाय मुडपून खाली दबते. वीस मीटरांवर हे दबणे थोडे असते. तीस-पस्तीस मीटरांवर ते एवढे वाढते, की फुप्फुसावर धरलेला बाण पाठीवरून निघून जातो किंवा, त्याहून वाईट, पाठीच्या मांसात रुततो. अंतराची मर्यादा हातच्या अचूकपणापेक्षा या दबण्यामुळे पडते, आणि म्हणून मैदानावर साठ मीटरांवरचे लक्ष्य भेदणारा तिरंदाजही येथे वीस मीटरांवरच थांबतो.

संध्याकाळच्या बैठकीबद्दल माझे मत रूढीविरुद्ध आहे. बहुतेक शिकारी मावळतीची वाट पाहतात, कारण तेव्हा मोठे नर निघतात. नवशिक्याने मात्र बाण सकाळीच सोडावा आणि सूर्यास्ताच्या शेवटच्या वीस मिनिटांत हात आवरावा. सकाळी चुकलेल्या बाणामागे सारा दिवस शोधास उरतो, सायंकाळी उरते ती केवळ विजेरी, आणि अंधारात राहिलेले हरीण कोयोटी पहाटेपर्यंत शिल्लक ठेवीत नाहीत.

बाण सुटला, जनावर गचपणात नाहीसे झाले, की जागचे हलू नये. घड्याळ पाहावे. जनावर शेवटी जेथे दिसले त्या झुडपाची खूण मनात पक्की करावी आणि कान द्यावा. कधी झाडी मोडल्याचा आवाज येतो, कधी काहीच येत नाही. मग हळूच बाणापाशी जावे, कारण जखम कोठे झाली ते बाण जनावरापेक्षा अधिक प्रांजळपणे सांगतो. फेसाळ, गुलाबी रक्त हे फुप्फुसाचे. अर्ध्या तासाने निघावे, जनावर बहुधा शंभर-दीडशे मीटरांच्या आत मिळते. काळपट, दाट रक्त हे यकृताचे. चार-पाच तास थांबणे भाग आहे. बाणावर हिरवट चिकटा व दुर्गंध असेल, तर आतडे फुटले. थंडीच्या दिवसांत रात्रभर थांबतात, परंतु ऑक्टोबरच्या उन्हात तितका विलंब मांसास परवडत नाही. लवकर गेलात तर बसलेले जनावर उठून कित्येक मैल जाते. उशिरा गेलात तर मिळते ते खाण्याजोगे राहत नाही. यावर उत्तम तोडगा म्हणजे माग काढणारा कुत्रा. हरणाची शिकार कुत्र्याने करण्यास त्या राज्यात मनाई असली, तरी जखमी हरणाचा माग काढण्यास दक्षिणेत दोन कुत्र्यांपर्यंत मुभा आहे, आणि असे कुत्रे बाळगणारे लोक बहुतेक गावांत असतात. त्यांचा क्रमांक आधीच लिहून ठेवावा. आणि कुत्रा बोलावणार असाल तर त्याआधी तुम्ही रक्त तुडवीत फिरू नये.

कुत्रा नसेल तर माग स्वतः काढावा. तांबूस मातीवर रक्त सहज दिसत नाही. ते गवताच्या पात्यांच्या खालच्या अंगास आणि मेस्कीटच्या खोडावर, गुडघ्याच्या उंचीस पुसलेले शोधावे. ऑक्टोबरात आणखी एक फसगत संभवते: निवडुंगाची फळे पिकून फुटलेली असतात व त्यांचा जांभळट-लाल रस जागोजागी सांडलेला असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडची लहान फवारणी जवळ असावी. खऱ्या रक्तावर ती पडली की पांढरा फेस येतो, फळाच्या रसावर येत नाही. मुंग्यांचा पुंजका हीदेखील खात्रीची खूण. प्रत्येक थेंबाशी काट्यावर कागदाची पट्टी लावीत जावे व मागाच्या शेजारून चालावे. माग तुटला तर शेवटच्या पट्टीशी उभे राहून मागील पट्ट्यांची रांग पाहावी, म्हणजे जनावराची दिशा आपोआप कळते. पडलेल्या हरणाजवळ पाठीच्या बाजूने जावे व काडीने डोळ्याच्या बुबुळास स्पर्श करून पाहावा.

मग कायद्याचे काम पुन्हा. परवान्यावरील चिठ्ठी जागच्या जागी भरून, तारीख नोंदवून हरणास बांधावी, हलविण्यापूर्वी. त्यानंतर एक मिनिटही वाया न घालवता आतडी काढावीत व मांस बर्फपेटीत न्यावे. ते चार अंशांपर्यंत उतरले पाहिजे, परंतु वितळलेल्या पाण्यात भिजता कामा नये. पेटीचा बोळा उघडा ठेवून ती किंचित तिरपी लावावी. हावेलीनाच्या पाठीवर उग्र वासाची ग्रंथी असते. ती कातड्याबरोबरच निघते, मात्र तिला लागलेला हात किंवा सुरी मांसास लावू नये. रानडुकरास हात घालताना रबरी मोजे हवेतच, कारण त्यांच्यात ब्रुसेलोसिस हा माणसासही होणारा ताप आढळतो. हरणाच्या बाबतीत मेंदू व पाठीचा कणा कापू नये: क्रॉनिक वेस्टिंग डिसीज नावाचा असाध्य रोग त्या राज्यात २०१२ साली प्रथम सापडला व २०१५ साली सॅन अँटोनियोच्या शेजारच्या मेडिना काउंटीत बंदिस्त हरणांतही आढळला. माणसास तो झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही वन्यजीव खात्याकडे नमुना देऊन निकाल येईपर्यंत मांस वेगळी चिठ्ठी लावून गोठवून ठेवावे, हे शहाणपणाचे.

बहुधा त्याच दिवसांत घरी नवरात्र असते, म्हणून निकालाची वाट पाहणे मराठी घरात फारसे जड जात नाही. दसरा झाल्यावर चूल पेटवावी. हरणाच्या मांसात चरबी नावालाच असते. खांदा व मान यांचे तुकडे कांदा-खोबऱ्याच्या वाटणात कुकरला चांगल्या सात-आठ शिट्ट्या घेऊन शिजवावेत. रानडुकराचे मांस मात्र आतपर्यंत ७१ अंशांपर्यंत तापल्याशिवाय ताटात घेऊ नये. कण्यालगतचे लांबट मांस, जे या जनावराचे सर्वोत्तम अंग, त्याचा रस्सा करू नये. बोटभर जाडीचे काप करून, मीठ व मिरपूड लावून, तापलेल्या लोखंडी तव्यावर तुपात दोन्ही अंगांनी दोन-दोन मिनिटे परतावे आणि लगेच वाढावे. अधिक वेळ ठेवल्यास ते वातड होते.